तादोच्या तोंडातला स

दातांच्या परवाना परीक्षेचे बाकीचे सगळे भाग मी पास झालो होतो. हाडे, नसा, औषधे, दात काढणे, दात भरणे. राहिला होता एकच, कवळीचा. ज्याच्या तोंडात एकही दात नाही अशा माणसाला वरचे-खालचे दात बनवायचे, परीक्षकांसमोर ते त्याच्या तोंडात बसवायचे आणि ते विचारतील त्याचे उत्तर द्यायचे. या भागात मी दोनदा आपटलो होतो. तिसरी संधी शेवटची. ती गेली की माणसाच्या तोंडात हात घालण्याचा माझा अधिकार कायमचा संपणार होता.

कायमचा म्हणजे काय, हे चांद्याबाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. चांद्याच्या बाजारात माझ्या मामाचे दातांचे दुकान आहे. तिथून खाली सिरोंच्यापर्यंतच्या सगळ्या जंगलात कवळी बनवणारा दुसरा माणूस माझ्या ऐकण्यात नाही. नवा कायदा आला तेव्हा मामाचे नाव जुन्या अनुभवावर सरकारी यादीत चढले, पण ती सवलत त्याच्यापुरती होती. त्याच्या हाताखाली शिकलेल्या माझ्यासारख्यांना परीक्षा देणे भाग होते. आणि मामाचे हात आता थरथरू लागले होते. वयाने की मोहाच्या दारूने, यावर घरात दोन पक्ष होते.

कायद्याबद्दल माझी तक्रार नव्हती. उलट तो लवकर लागू व्हावा म्हणून मी स्वतः पत्रक काढले होते. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. छपाईत बिघडलेली पत्रके ते घरी आणत. आई त्यांवर तांदूळ निवडायची आणि मी त्यांवरून अक्षरे ओळखायला शिकलो. बाकीची पोरे 'कमळ' वाचत होती तेव्हा मी 'जुलूम' वाचत होतो. त्यामुळे जगात जे काही चुकीचे दिसेल त्यावर पत्रक काढायचे, हीच माझी रीत झाली. 'बाजारातल्या दंतभोंदूंपासून सावध!' हे माझे पत्रक मामाने वाचले आणि दुकानात आरशाच्या शेजारी खळ लावून चिकटवले.

"हे पाय भाऊ, माह्या भाच्यानं माह्यावरच लिवलं," तो खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगे. "दात पाडाच्या आधी वाचून घे. मंग मनशीन का सांगतलं नाई."

पहिल्यांदा नापास झालो तो या पत्रकी वळणामुळेच. संपूर्ण कवळीचा हेतू काय, असा लेखी प्रश्न होता. पुस्तकाप्रमाणे चर्वण, उच्चार आणि चेहऱ्याची ठेवण एवढे लिहून सुटायचे. मी लिहिले की दातांवाचून राहिलेल्या कोट्यवधी श्रमिकांना त्यांच्या घासाचा हक्क परत मिळवून देणे हा कवळीचा हेतू आहे, आणि पुढे दोन पाने त्याच जोरात गेलो. तोंडी परीक्षेत विचारले, वरची कवळी कठीण की खालची? मी म्हणालो, वरचा जबडा कवटीला चिकटून बसलेला असतो, जागचा हलत नाही, सगळे काम खालचा करतो, म्हणून खालच्याला न्याय देणे कठीण. परीक्षक खूप हसले. उत्तर अर्धे बरोबर होते. हसून झाल्यावर त्यांनी मला नापास केले.

दुसऱ्या वेळी उत्तरे नीट तयार होती, पण पेशंट आला नाही. पेशंट उमेदवारानेच आणायचा असा परीक्षा मंडळाचा नियम होता. मूल गावच्या तांदळाच्या गिरणीत पाखडायला जाणारी एक म्हातारी बाई तयार झाली होती. तिची कवळीही बनली. ऐन वेळी रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला आणि ती रोपांची, पऱ्ह्यांची जुडी घेऊन बहिणीच्या बांधीत चिखलात उतरली. मी बांधावर उभा राहून तिला परीक्षेचे महत्त्व सांगत होतो. ती वाकलेलीच म्हणाली, "अरे बापू, दात काय, कवाबी येतीन. पऱ्हे वाट पाहून राह्यले का?" मी रिकाम्या खुर्चीसमोर परीक्षा दिली.

तिसऱ्या वेळी मी अभ्यास असा केला की ज्याला अभ्यास म्हणावा. सकाळी दुकान उघडायच्या आधी ओट्यावर बसून ते जाड इंग्रजी पुस्तक वाचायचो. एकेका वाक्याशी झगडून त्याचे मराठी करायचो आणि ते मोठ्याने मामाला ऐकवायचो. पुस्तकात जबडा नव्हता, जबड्याचे संबंध होते. त्या पुस्तकातल्या माणसाला तोंड होते, पण त्या तोंडात तंबाखू नव्हती, शिवी नव्हती, घास नव्हता. मला त्याचा राग यायचा आणि राग आला की पाठांतर चांगले व्हायचे. मामा लाल रबराच्या कवळ्या बनवायचा. परीक्षेला नवे गुलाबी प्लास्टिक लागत होते. तेही मी शिकलो. हातावर भाजल्याचे डाग आहेत.

पेशंट मिळाला अहेरीच्या बाजारात. मामा आणि मी तिथे बाजाराच्या दिवशी जायचो. भामरागडच्या पलीकडच्या डोंगरातला एक म्हातारा माडिया गोंड मामाच्या पेटीत मांडलेल्या कवळीकडे बराच वेळ बघत उभा राहिला. बाजारातले सगळे त्याला तादो म्हणत. त्यांच्या बोलीत तादो म्हणजे आजा. मीही तेच म्हणू लागलो. त्याच्या तोंडात दाताचा तुकडासुद्धा नव्हता आणि हिरड्या मात्र इतक्या चांगल्या, उंच आणि घट्ट होत्या की पुस्तकातले चित्र त्याच्यावरून काढले असावे.

"दात काऊन पायजे, तादो?" मामाने विचारले.

तादो बाजारातली मराठी बोलायचा. तो म्हणाला, "गावात डुक्कर मारते. घरोघरी वाटा येते. माह्या वाटा नातू खाते. माह्या डोऱ्यापुढं खाते. मी पाहून राह्यतो." मग बोळक्या तोंडाने हसला. "मले माह्या वाटा खायचा."

मी आयुष्यभर वाचलेली पत्रके या एका वाक्यासाठी छापली गेली होती, असे मला वाटले. मी त्याला तिथेच सांगितले की दात मी बनवीन, ते कायमचे तुझे, तू फक्त माझ्याबरोबर परीक्षेच्या शहरात चल. त्याने शहर म्हणजे काय ते विचारले नाही. "हांजच्याले येतो," म्हणाला आणि खरोखरच सांजच्याला आला. 'सांज'चे 'हांज' ऐकून मी मनात नोंद केली: दात नसल्याने स उमटत नाही, वारा निसटतो. पुस्तकात अगदी असेच होते.

तादो अहेरीत एका ओळखीच्या घराच्या पडवीत राहिला आणि मी बाजाराच्या धर्मशाळेत. माप घेतले. मेणाच्या कड्यांवर दात रचले आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडात बसवले. ही मेणाची कवळी चाचणीपुरती असते. तिच्यात बदल करता येतात, खाता येत नाही. तादोने तोंड मिटले, उघडले, परत मिटले. गालांना आकार आला. मी आरसा दिला तर त्याने स्वतःकडे न बघता आरशाच्या पाठीमागे काय आहे ते बघितले. मग जिभेने दात चाचपले आणि म्हणाला, "बरे आहे. राहू दे."

तिथे मी ते राहू द्यायला हवे होते. पण उच्चाराची चाचणी राहिली होती. पुस्तक म्हणते की पेशंटला स असलेला शब्द म्हणायला लावा. स म्हणताना वरचे आणि खालचे पुढचे दात अगदी जवळ येतात पण टेकत नाहीत, आणि मधल्या फटीतून वारा बारीक होऊन निघतो. स स्वच्छ आला तर उंची बरोबर, दातांची जागा बरोबर. नाही आला तर कुठेतरी चुकले आहे.

मामाची यासाठी जुनी रीत होती. तो प्रत्येकाला 'सासू' म्हणायला लावायचा. "सासूचं नाव नीट घेता आलं, मनजे जबडा बसला. मंग घरी जाऊन काईबी चावा." तादोलाही त्याने तेच सांगितले असते. पण त्या दिवशी मामा चांद्याला होता आणि मी तत्त्वाचा माणूस होतो. एका आदिवासी म्हाताऱ्याची जीभ मी मराठी शब्दावर तोलणार? त्याच्या स्वतःच्या भाषेत शब्द नाहीत का? हा प्रश्न मी आधीच मनाशी घेतला होता आणि चांद्याच्या वाचनालयात येणाऱ्या एका गोंड मास्तरांना शब्द विचारून ठेवला होता. ते मूलकडचे. त्यांनी क्षणात सांगितले: सोवर. सोवर म्हणजे मीठ. रोजचा शब्द, आणि सुरुवातीलाच स. मी खूश झालो होतो. दंतशास्त्राच्या परीक्षेत गोंडी शब्द! यावर नंतर पत्रक काढायचे, हेही ठरले होते.

मी तादोसमोर मिठाचा खडा धरला. "तादो, हे काय? तुझ्या भाषेत सांग."

"होवर," तादो म्हणाला.

मी परत विचारले. परत होवर.

स नव्हता. वारा निसटत होता. मी पुस्तक उघडले. कारणे तीन दिली होती: टाळूवरचे मेण जाड असेल, पुढचे दात जागेवर नसतील, किंवा दोन जबड्यांमधली उंची जास्त असेल. मी टाळू खरवडून पातळ केला. होवर. पुढचे दात काढून आत घेतले. होवर. परत बाहेर आणले. होवर. तादो कंटाळत नव्हता. मी खडा दाखवला की तो शहाण्या विद्यार्थ्यासारखे उत्तर द्यायचा. दोन-चार वेळा झाल्यावर त्याला वाटले की मला मीठ हवे आहे. दुसऱ्या दिवशी त्याने पानाच्या द्रोणात माझ्यासाठी थोडे मीठ आणले.

"तुमच्या घरी होवर नाई का?" त्याने काळजीने विचारले.

उरली होती उंची. उंची हा कवळीचा प्राण आहे. ती माणसाच्या चेहऱ्यावरून ठरवतात, आणि मी ती पहिल्याच दिवशी नीट ठरवली होती. नाकाखालची खूण, हनुवटीवरची खूण, मधले अंतर, सगळे पुस्तकाप्रमाणे. पण स येत नव्हता, म्हणजे माझे माप खोटे. मी मेण तापवले आणि उंची थोडी उतरवली. होवर. आणखी उतरवली. गालांचा आकार परत गेला. ओठांच्या कोपऱ्यांशी सुरकुत्या पडल्या. आता कधी कधी मला वाटायचे की ह जरा बारीक झाला, त्यात स आहे. मी डोळे मिटून ऐकायचो. ज्याला ऐकायचेच असते त्याला ऐकू येते. परीक्षा जवळ आली आणि मेण आणखी उतरवायला जागाच राहिली नाही. तेव्हा मी त्याच उंचीवर प्लास्टिकचे पक्के दात केले.

तादोने तयार दात तोंडात घातले. मी विचारले, "कसे?"

"लहान झालं," तो म्हणाला.

"काय लहान झालं?"

त्याने हाताने स्वतःचे तोंड दाखवले.

बल्लारशाहून आम्ही गाडीने गेलो. मोठ्या शहरातल्या त्या दंतशाळेच्या दालनात ओळीने खुर्च्या होत्या, प्रत्येक खुर्चीत एक बोळका म्हातारा किंवा म्हातारी आणि प्रत्येकाच्या शेजारी घाबरलेला एक तरुण. तादोच्या कमरेला पंचा, डोक्याला फडके आणि गळ्यात मण्यांच्या माळा होत्या. बाजूच्या उमेदवाराने हळूच विचारले, "हा कुठून पकडून आणला?" मी त्याला असे काही उत्तर दिले की त्याने परीक्षा संपेपर्यंत माझ्याकडे बघितले नाही. तादोने मला विचारले, "हे म्हातारे आजारी आहे?" मी म्हणालो, नाही, हे सगळे तुझ्यासारखेच आहेत. त्यावर त्याने त्या ओळीकडे पाहिले आणि शेजारच्या धोतरवाल्या आजोबांना तंबाखू देऊ केली. त्यांनी ती घेतली. परिचारिकेने दोघांनाही थुंकायला लावले.

परीक्षक नवे होते. मागचे हसणारे नव्हते. शांत, चष्मेवाले, हात धुऊन टॉवेलने एकेक बोट पुसणारे. त्यांना वाईट म्हणता आले असते तर मला पुढे सोपे गेले असते. त्यांनी तादोला हात जोडून नमस्कार केला, खुर्ची स्वतः खाली घेतली, तोंडात बघितले आणि म्हणाले, "हिरड्या उत्तम आहेत. पेशंट चांगला निवडलात."

मग विचारले, "उच्चाराची चाचणी कशी केलीत?"

मी या प्रश्नाची वाट बघत होतो. आवाज नको तितका चढला. "साहेब, मी पेशंटची चाचणी त्याच्या मातृभाषेत घेतली आहे. इथेही तशीच घेणार. ज्याची जीभ त्याची भाषा."

"घ्या," ते म्हणाले.

मी खिशातून मिठाचा खडा काढला. "हा शब्द सोवर आहे, साहेब. मीठ. सुरुवातीला स." आणि तादोकडे वळून विचारले, "तादो, हे काय?"

तादोने एकदा खड्याकडे, एकदा परीक्षकांकडे पाहिले आणि मोठ्या सभ्य आवाजात सांगितले, "होवर."

परीक्षकांनी मान तिरकी केली. "परत."

"होवर."

"स येत नाही, मिस्टर," ते म्हणाले. मग मोजपट्टी घेऊन त्यांनी नाकाखालून हनुवटीपर्यंत माप घेतले, मग दात काढून परत एकदा माप घेतले. "आणि उंची फार कमी आहे. चेहरा पडला आहे, बघा. गाल दातांखाली येणार. एवढ्या चांगल्या हिरड्यांवर इतकी उंची का उतरवलीत?"

स यावा म्हणून, असे मी सांगितले.

"आला का?"

मी मिठाचा खडा खिशात ठेवला. तादो माझ्याकडे बघत होता. त्याने उत्तर बरोबर दिले होते आणि तरी काहीतरी बिघडले होते, हे त्याला कळत होते. त्याने मला सोडवण्यासाठी आणखी एकदा, न विचारता म्हटले, "होवर."

संध्याकाळी फळ्यावर पास झालेल्यांची नावे लागली. माझे नव्हते. मंडळाच्या कारकुनाने दात तादोकडे ठेवायला परवानगी दिली आणि मला एक ओळ तोंडी सांगितली: यापुढे या पेशंटच्या तोंडात तुम्ही काम करायचे नाही, या किंवा कोणाच्याच. मी मान डोलावली. हेच माझ्या पत्रकात मी ठळक अक्षरांत मागितले होते.

परतीच्या गाडीत तादोने चणे खाऊन बघितले. गाल चावला गेला. त्याने दात काढून पंच्याच्या गाठीत बांधले आणि चणे मला दिले. बल्लारशाहून मोटारीने चांद्याला आलो तेव्हा मामा मोटारस्टँडवर उभा होता. त्याने माझा चेहरा बघितला आणि निकाल ओळखला. मग म्हणाला, "कायनं गेलं?"

"स निघाला नाही."

"सासू म्हणाले लावलं होतं का?"

"नाही."

मामा तादोकडे वळला. "तादो, दात घाल तं. आन म्हण, सासू."

तादोने गाठ सोडून दात घातले. "हाहू," म्हणाला.

मामाला हसू आवरेना. "गेली हवा! भाच्या, तुह्या तादोची तं सासूबी पयून गेली रे!" तादोही हसू लागला. मला दोघांचा राग आला. मग मामाने हसणे थांबवले, आपला थरथरता हात पाठीमागे घेतला आणि म्हणाला, "जाऊ दे. चहा पी."

तादोला त्याच्या वाटेला लावायला मी अहेरीपर्यंत गेलो. तो बाजाराचा दिवस होता. जायच्या आधी तादोला मीठ घ्यायचे होते. डोंगरातली माणसे मिठाच्या दुकानासमोर रांगेत उभी होती. टोपल्यांत चारोळी, हिरडा, डिंक होता. दुकानदार सिरोंच्याकडचा तेलुगू माणूस. पोत्यावर बसून तो एकेकाला ओरडून विचारत होता, काय पाहिजे, आणि प्रत्येक जण त्याला तेच सांगत होता.

पुढे एक म्हातारी होती. होवर, म्हणाली. तिच्यामागे एक बाप्या. होवर. मी तादोच्या शेजारी उभा होतो आणि नीट ऐकतही नव्हतो. मग एक मुलगी पुढे झाली, लग्नाच्या वयाची, केसांत लाकडी फणी खोवलेली. कशावरून तरी मैत्रिणीशी हसत होती. तिचे दात मी धंद्याच्या सवयीने बघितले. वरचे सगळे, खालचे सगळे, पांढरे, सरळ, एकमेकांना बरोबर भिडणारे. असे दात मी पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या चित्रात बघितले होते. त्या दातांतून ती दुकानदाराला म्हणाली, "होवर."

तिच्यामागचा पोरगा म्हणाला, होवर. त्याच्यामागचा, होवर.

मी तेलुगू दुकानदाराला विचारले, "हे लोक सोवर म्हणत नाहीत?"

"ते खालचे गोंड म्हणते, बाबू," तो वजनकाट्यावरून नजर न काढता म्हणाला. "मूलकडचे, चांद्याकडचे. हे डोंगरवाले होवरच म्हणते. ह्यायच्यात तो सोवर नाईच. त्यायचे शब्द वेगळे, ह्यायचे वेगळे. दोघंबी मीठच नेते." मग वर पाहून म्हणाला, "तुले काय पायजे? सोवर का होवर?" रांगेतले दोघे-तिघे हसले.

मी गोंडी ही एक भाषा धरली होती. पत्रकात 'आदिवासी' लिहिताना जसा एक माणूस डोळ्यांसमोर असतो तशी एक भाषा. मास्तरांनी त्यांच्या गावचा शब्द दिला होता, तो त्यांच्यापुरता अगदी खरा होता. तादोच्या बोलीत तिथे ह होता, त्याच्या बापाच्या तोंडातही ह होता, त्याला पूर्ण दात होते तेव्हाही ह होता. जो स त्याच्या तोंडात कधी नव्हताच तो आणण्यासाठी मी मेण खरवडत बसलो, आणि खरवडता खरवडता बरोबर बसलेला जबडा बिघडवला.

उभ्या उभ्या माझ्या मनात अर्ज तयार होऊ लागला. मंडळास विनंती, पेशंटच्या बोलीत अमुक ध्वनी नसल्याने. पण दुसरे वाक्य सुचेना. उंची खरोखरच कमी होती. परीक्षकांनी मापले होते आणि माप खोटे नव्हते. त्यांचा निकाल चुकीच्या कारणाने सुरू झाला आणि बरोबर जागी येऊन थांबला. अन्यायावर लिहायला मी लहानपणापासून शिकलो आहे. यावर कसे लिहितात ते मला कोणी शिकवले नाही.

तादोचा नंबर लागला. त्याने मीठ पळसाच्या पानात बांधून घेतले. मग बाजूला येऊन त्याने तोंडातले दात काढले, पंच्याच्या गाठीत ठेवले आणि एक खडा जिभेवर ठेवला. कवळीने टाळू झाकला की चव कमी लागते, हे पुस्तकात आहे. डोळे बारीक करून त्याने तो चोखला. मी रोज विचारायचो तसे आजही विचारीन असे त्याला वाटले असावे, कारण माझ्याकडे बघून त्याने आपणच सांगितले, "होवर."

शब्द जसाच्या तसा होता. दात असताना जसा होता तसाच.

मग गाठ चाचपत तो म्हणाला, "हे नाई होत. गाल खाते. पयले होते ना, ते बरे होते. तेच दे मले."

पहिले दात मेणाचे होते. मी त्याला सांगितले की ते वितळले. पुन्हा बनवून दे, तो म्हणाला, मी येतो ना, इथंच राहतो पडवीत. मी त्याला सांगू लागलो की आता मला बनवता येत नाही. 'येत नाही' ऐकून त्याने माझ्या हातांकडे पाहिले. हात तर धड होते. मामासारखे थरथरत नव्हते. कायदा, परीक्षा, मंडळ, हे शब्द त्याच्या बाजारातल्या मराठीत नव्हते आणि त्याच्या बोलीतले मला येत नव्हते. मी चांद्याच्या मास्तरांना विचारू शकलो असतो, पण ते मूलकडचे.

"बरं," तादो म्हणाला. त्याने मिठाचे पान उघडून चिमूटभर मीठ माझ्या तळहातावर ठेवले आणि आपल्या माणसांबरोबर डोंगराच्या वाटेने निघाला.